सव्वासातच्या गाडीतला डबा

आमच्या दहावीच्या वर्गाचा मॉनिटर आजही मॉनिटरच आहे. तेव्हा तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. आता लातूरला खता-बियाण्यांचं दुकान चालवतो आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर न बोलणाऱ्यांची नावं लिहितो. "खालील मंडळींनी अद्याप होकार कळवलेला नाही," आणि खाली यादी. त्या यादीत माझं नाव ठरलेलं. मी नांदेडला औषधांचं दुकान चालवते. दिवसभर समोर गिऱ्हाईक उभं असतं, आणि भल्या सकाळी गुलाबाच्या फुलावर सुविचार लिहून पाठवणाऱ्या माणसांशी माझं तसंही फारसं जमत नाही.

पण शाळेसाठी काहीतरी करायचं असा विषय निघाला, तेव्हा मात्र मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं, कारण विषय कमानीवर गेला होता. शाळेच्या दारात सिमेंटची कमान बांधायची, वर शाळेचं नाव, खाली "माजी विद्यार्थ्यांच्या सौजन्याने" आणि दोन्ही खांबांवर आमच्या नावांच्या पाट्या. मॉनिटरने कुणाकडून तरी नकाशासुद्धा काढून आणला होता. मी लिहिलं, "पोरं कमानीखालून आत येतील रे बाबा, पण दहावी झाल्यावर बाहेर पडून जाणार कुठं?" दोन दिवस ग्रुपवर सामसूम. मग एकेक जण बोलायला लागला.

आमचं गाव औशाहून किल्लारीकडे जाताना आत वळलं की लागतं. शाळा दहावीपर्यंतच. पुढं शिकायचं तर लातूर गाठावं लागतं. भूकंपानंतर दोन वर्षं आम्ही सगळी पोरं पत्र्याच्या शेडमध्ये एकाच घामानं भिजत शिकलो, आणि दहावीच्या निकालानंतर एका उन्हाळ्यात आमच्या दोन वाटा झाल्या. ज्यांना लातूरला जाता आलं ते पुढं शिकले. ज्यांना नाही आलं ते गावात राहिले.

शेवटी कमान बारगळली. दर वर्षी शाळेतून दहावी होणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला अकरावी-बारावीसाठी लातूरला ठेवायचं असं ठरलं. यादी करायला मीच बसले, कारण ज्यानं खोडा घातला त्यानंच काम करावं असं मॉनिटरचं म्हणणं. कॉलेजची फी, क्लास, खोलीचं भाडं, पुस्तकं. तेवढ्यात आमच्यातल्या एकानं सुचवलं की मेसचंही धरा. त्याचे वडील तालुक्याला नोकरीला होते, तो तिथल्या घरून लातूरला ये-जा करून शिकलेला. मी त्याला तिथल्या तिथं उडवून लावलं. "मेस कशाला? गावाहून डबा येतोच की. आपण काय मेसवर शिकलो का?" त्यावर सतरा अंगठे आले. एवढे अंगठे मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते, आणि मी दिवसभर खुशीत होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. लातूरला खोली करून राहणाऱ्या आमच्याकडच्या पोरांचा डबा गावाहून एसटीनं जातो. गावात मुक्कामी गाडी असते, संध्याकाळी येते, रात्रभर पंचायतीसमोर उभी राहते आणि सकाळी सव्वासातला लातूरला निघते. आया पहाटे उठून भाकरी करतात, डबा फडक्यात बांधतात, कुणीतरी तो गाडीत ड्रायव्हरच्या मागं नेऊन ठेवतं. लातूरच्या स्टँडवर पोरं वाट बघत उभी असतात. आपापलं फडकं ओळखायचं, डबा घ्यायचा, रात्रीचं खोलीवर काढून ठेवून दुपारी रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा. तो संध्याकाळी गावात उतरतो. डब्याला तिकीट नाही, पावती नाही, आणि माझ्या दोन वर्षांत माझा डबा एकदाही चुकला नाही.

माझं फडकं लाल चौकड्यांचं होतं. आत तीन भाकरी, एखादी कोरडी भाजी, कारळ्याची चटणी. फोन तेव्हा गावात एकाच दुकानात होता, तोही बहुतेक बंद. म्हणून निरोप रिकाम्या डब्यातून जायचे. वहीचा कोपरा फाडून मी चिठ्ठी लिहायचे. चटणी संपली. स्वेटर पाठव. पैसे नकोत, आहेत. बारावीच्या परीक्षेच्या आधी वडिलांनी सांगून ठेवलं होतं की पेपर होईपर्यंत गावाकडं फिरकायचं नाही, त्यामुळं त्या दीड-दोन महिन्यांत गावाशी माझा संबंध त्या डब्यापुरताच होता. आणि नेमक्या त्याच दिवसांत भाकरी बिघडली. जाड यायला लागली, कडेला कच्ची, मधे करपलेली. मी तेव्हाही अशीच फटकळ होते. चिठ्ठीत लिहिलं, "भाकरी जाड आणि करपलेली येत आहे. लक्ष देऊन करणे. माझी परीक्षा आहे." आठ-पंधरा दिवसांत भाकरी सुधारली. आईनं मनावर घेतलं म्हणून मला बरं वाटलं.

तर, आमच्या पहिल्या मुलीची निवड झाली. ती शाळेत पहिली आली होती. अंगानं बारीक, दोन वेण्या, प्रश्न विचारला की आधी जमिनीकडं बघून मग उत्तर देणारी. आपल्याकडं काही द्यायचं म्हटलं की सत्कार आलाच. शाल झाली, नारळ झाला, मागं फ्लेक्स लागला, त्यावर तिचा फोटो आणि "गरीब व होतकरू" असे शब्द. फ्लेक्सबद्दल मी मॉनिटरला झापलं, तर तो म्हणाला, "सगळीकडं असंच लिहितात." मग मला भाषण करायला सांगितलं. मी तावातावानं बोलले. म्हणाले, "अडचणी सांगत बसणाऱ्याचं शिक्षण होत नाही. आम्ही कुणाला अडचणी सांगितल्या नाहीत, म्हणून इथवर आलो." टाळ्या पडल्या. ती पोरगी पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडं टक लावून बघत होती.

डिसेंबरात मॉनिटरचा निरोप आला. मुलगी लातूर सोडून गावी परतली होती. अभ्यास झेपत नाही म्हणते, असं मुख्याध्यापकांनी कळवलं होतं. ग्रुपवर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, पोरीला एकटं ठेवायलाच नको होतं. कुणी म्हणालं, आजकालच्या पोरांना फुकट मिळालं की किंमत नसते. मॉनिटरने लिहिलं की रविवारी बैठक घेऊ आणि उरलेली मदत दुसऱ्या नंबरच्या मुलाला देऊन टाकू. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो मॉनिटरवर कमी आणि पोरीवर जास्त होता. मी लिहिलं, "रविवारपर्यंत कुणी काही करायचं नाही. मी जाऊन बघते."

नांदेडहून लातूर, लातूरहून औसा आणि पुढं जीप, असं करत शुक्रवारी दुपारी गावात पोचले. पोरगी घरी नव्हती. रोजानं तुरी काढायला गेली होती. दोन खोल्यांच्या घरात तिची आजी होती. डोळ्यांना कमी दिसतं, आवाजावरून माणूस ओळखते. म्हणाली, "लेक-सून कोयत्यावर गेलेत बाई, कारखान्याला. दिवाळीच्या आधीच मुकादम घिऊन गेला. आता येतील त्या उन्हाळ्यातच." मी मान हलवली. ऊसतोडीला जाणं आमच्याकडं काही नवीन नाही, त्यामुळं ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं.

संध्याकाळी पोरगी आली. हातांना तुरीचा चिकटा, पायांत आईच्या असाव्यात अशा मोठ्या चपला. मी सरळ विषयाला हात घातला.

"काय झालं? का आलीस?"

"न्हाई झेपत मावशी."

"काय झेपत नाही? फिजिक्स? गणित?"

"समदंच."

"दहावीला गणितात किती होते तुला? मग आता काय पाणी झालं का डोक्याचं?"

ती जमिनीकडं बघत राहिली. मी मग बरंच बोलले. आमच्या वेळेस काय होतं आणि काय नव्हतं, तेही सांगितलं. माणसाला काही सापडेनासं झालं की तो आपलीच गोष्ट सांगायला लागतो. शेवटी मी म्हणाले, "रविवारी ते दुसऱ्या मुलाला देणार आहेत. नंतर मला दोष देऊ नकोस." तिनं मान हलवली, आणि एवढंच म्हणाली, "चहा टाकू का?"

मुक्कामाला मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडं गेले. सातवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. गणितात ती माझ्यापेक्षा वरचढ होती, हे मी तेव्हा मान्य करत नसे. दहावीनंतर तिच्या घरच्यांनी बास म्हटलं, आणि पुढं गावातच आत्याच्या घरी तिला दिली. दोन एकर शेत, दोन म्हशी, लेकाचं लग्न झालेलं. आमच्या ग्रुपमध्ये तीही होती, पण वर्गणीचा विषय सुरू झाला त्या आठवड्यात गावातली सहा-सात जणं एकापाठोपाठ ग्रुप सोडून गेली, त्यात तीही गेली. मी तेव्हा त्यावर फार विचार केला नव्हता. मोबाईल बिघडला असेल, असं म्हणून सोडून दिलं होतं.

सकाळी हात हलवत परत जायचं म्हणून मी सातलाच पंचायतीसमोर आले. मैत्रीण सोडायला आली होती. गाडी उभी होती, थंडीनं काचांवर दव होतं. बाया-माणसं डबे घेऊन येत होती. कंडक्टर गाडीच्या पायरीवर उभा राहून डबे आत घेत होता. फडक्यांचे रंग बघून तो पोरांची चौकशी करायचा. "हिरव्याचा ताप उतरला का?" "पिवळ्याला सांगा, काल डबा घ्यायला उशिरा आला, गाडी निघाली असती." मला गंमत वाटली. पंचवीस वर्षांत कंडक्टर बदलले, पद्धत तीच राहिली. मी चढायला पाय उचलला तेव्हा त्यानं माझ्या मैत्रिणीला विचारलं, "ताई, त्या निळ्या फडक्याचं काय झालं वो? दिवाळीपासून डबा यीना. पोरगी महिनाभर स्टँडवर यायची. डबा न्हाई म्हनलं तरी उभी राहून बगायची, मग निघून जायची. आता ती बी दिसंना."

"कुणाचं निळं फडकं?" मी विचारलं, पण विचारता विचारताच मला कळलं होतं.

आई-बाप कोयत्यावर. आजीला दिसत नाही. भाकरी करायला घरात कुणी नव्हतं. आम्ही तिला फी दिली, खोली दिली, पुस्तकं दिली, शाल दिली, नारळ दिला. जेवण दिलं नाही. दोन वर्षं एसटीतल्या डब्यावर वाढलेल्या माणसांनी यादी केली होती, आणि डबा येतोच, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं की तो कुणीतरी भरावा लागतो हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. ज्याच्या डोक्यात आलं त्याला मी उडवून लावलं होतं. कंडक्टरला जे महिनाभर दिसत होतं ते आम्हा सतरा अंगठेवाल्यांना दिसलं नाही. मला तिथं उभ्या जागी स्वतःची लाज वाटली.

गाडी गेली. मी गेले नाही. तडक पोरीच्या घरी गेले. ती कामावर निघायच्या तयारीत होती. भिंतीवर खिळ्याला डबा टांगला होता, घासून लख्ख केलेला, आणि वर निळ्या फडक्याची घडी. काल मी त्याच्याखाली बसून भाषण केलं होतं.

"जेवत काय होतीस?" मी विचारलं.

तिनं चपला काढल्या आणि खाली बसली. मग हळूहळू बोलली. आधी खोलीतल्या दोघी पोरी आपल्यातलं द्यायच्या. एकीची आई एकदा फोनवर म्हणाली, दोघींना पुरेल एवढं मी कुठून घालू. ते हिनं ऐकलं. त्यानंतर जेवायच्या वेळेला ही पुस्तक घेऊन बाहेर जायची, जेवून आले म्हणून सांगायची. बिस्किटं खायची. एक दिवस प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडली. मग निघून आली.

"अगं मग सांगायचं ना कुणाला तरी! मला एक फोन करायचा."

"तुमीच म्हनला होता ना मावशी, अडचणी सांगत बसणाऱ्याचं शिक्षण व्हत न्हाई."

ती टोमणा मारत नव्हती. तिनं ते खरंच मनावर घेतलं होतं. मला माझ्या फटकळ जिभेचा एरवी अभिमान आहे. त्या सकाळी मी तिचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "मी चुकीचं बोलले गं. मला माफ कर." ती एवढी गोंधळली की पुन्हा चहा टाकू का म्हणाली.

मैत्रिणीच्या घरी येऊन मी मॉनिटरला फोन लावला. भांडायच्या तयारीनंच लावला होता, पण त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "चूक आपली आहे. आजच्या आज मेसचं सांगून टाकतो. बैठक रद्द." मग म्हणाला, "मीसुद्धा डब्यावरच शिकलो गं. कसं सुचलं नाही?" आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाबद्दल माया वाटली.

फोन ठेवला तर मैत्रीण चुलीपाशी बसून माझ्याकडं बघत होती.

"मेस कशाला?" ती म्हणाली.

माझंच वाक्य तिच्या तोंडून ऐकून मी दचकले.

"संध्याकाळचं खाऊ दे मेसवर. सकाळचा डबा आमी घालू. मी हाय, शेजारीण हाय, वरच्या आळीच्या तिघी हायत. आमी का त्या शाळेत नव्हतो का? तुमी शिकले, तुमी पैसे दिले, चांगलं केलं. आमच्याकडं पैसे न्हाईत म्हनून त्या ग्रुपात बसून काय करायचं, म्हनून निघाले. पण कुनी इचारलंच न्हाई, की बायांनो, तुमी काय देता."

मी चुलीपाशी तिच्या शेजारी बसले. विचारायचं म्हणून विचारलं, "रोज पहाटे उठून दुसऱ्याच्या पोरीसाठी भाकरी करायची, जमेल का तुम्हाला?"

ती हसली. "मला सवय हाय की."

"कसली सवय?"

"तुझा डबा न्हाई का घातला मी."

मला वाटलं ती एखाद्या दिवसाबद्दल बोलतेय. पण तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि सहज सांगून टाकलं. माझ्या बारावीच्या त्या हिवाळ्यात माझी आई विहिरीवर घसरून पडली होती. उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर घातलं. मला कळलं तर मी अभ्यास सोडून येईन, म्हणून आईनं सगळ्यांना शपथ घातली. मग डबा कोण घालणार? माझी बाकावरची मैत्रीण तेव्हा सतरा वर्षांची, घरात बसून होती. ती म्हणाली, मी घालते. दीड महिना तिनं घातला. माझे वडील पहाटे तिच्या दारात उभे राहायचे आणि डबा गाडीत ठेवायचे. संध्याकाळी रिकामा डबाही तिच्याकडंच यायचा.

"म्हणजे चिठ्ठी..." मी म्हणाले.

"मीच वाचली. जाड अन् करपलेली, लक्ष देऊन करणे." तिला शब्दन् शब्द पाठ होता. "लई रडले मी त्या दिवशी. मला भाकरी येतच नव्हती ना चांगली. मग मायजवळ बसून शिकून घेतली, तुज्यासाठी. तुज्या आईला चिठ्ठी दावली न्हाई पण."

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"परीक्षा होईस्तोवर शपथ होती. नंतर तू गेलीस नांदेडला, अन् इषयच निघाला न्हाई." तिनं भाकरी उलटली. "पण राग न्हाई आला कधी. मला वाटायचं, ही तिकडं जे शिकायली त्यात आपली बी एक भाकरी हाय."

आईला जाऊन सहा वर्षं झाली. थंडीत तिचं उजवं मनगट ठणकायचं. मी दुकानातून दर हिवाळ्यात तिच्यासाठी मलमाच्या ट्यूबा पाठवायचे, चांगल्यातल्या चांगल्या. कधीपासून दुखतंय, असं विचारलं तर म्हणायची, जुनं हाय. मी रोज शंभर माणसांना विचारते, कधीपासून दुखतंय, काय झालं होतं, पडला होता का. तिला मी कधी त्यापुढचा प्रश्न विचारला नाही.

त्या चुलीपाशी बसून मी रडले, आणि मैत्रिणीचे पिठाचे हात तसेच धरून तिला म्हणाले की तुझे उपकार मी कशानं फेडू. ती म्हणाली, "फेडायला काय मी सावकार हाय का? सोड हात, भाकरी करपली तर पुन्हा चिठ्ठी लिहिशील."

सोमवारी सव्वासातच्या गाडीनं पोरगी लातूरला परत गेली. पहिला डबा तिनं स्वतःच मांडीवर घेतला होता. कंडक्टरनं निळं फडकं बघून घंटी दोनदा जादा वाजवली, असं मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. पाच घरांनी वार वाटून घेतले. सगळ्या आमच्याच शाळेतल्या, कुणी सातवीत सोडलेली, कुणी दहावीला बसलेली. मॉनिटरने निघून गेलेल्यांना ग्रुपमध्ये परत घेतलं, बाकीच्यांना नव्यानं जोडलं, आणि आता ग्रुपवर गुलाबाच्या फुलांऐवजी पहाटे डब्यांचे फोटो येतात. मी यादी नव्यानं लिहिली. त्यात जेवण सगळ्यांत वर आहे.

जानेवारीच्या शेवटी मी हट्टानं गावी गेले. म्हटलं, मलाही एक वार द्या. मैत्रीण म्हणाली, "तुला येते का भाकरी?" मी म्हणाले, "न यायला काय झालं?" नांदेडला आमच्याकडं पोळ्यांना बाई येते. परातीत हात घालून मला किती वर्षं झाली होती हे मी मोजलं नव्हतं. पहिली भाकरी थापता थापता चिरली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी, चौथी, पाचवी त्यातल्या त्यात बऱ्या म्हणून मी डब्यात घातल्या. मैत्रीण तोंडाला पदर लावून हसत होती, पण तिनं मला मधे एकदाही टोकलं नाही. निळ्या फडक्याची गाठ मी मारली आणि डबा कंडक्टरच्या हातात दिला.

संध्याकाळी रिकामा डबा आला. आत चिठ्ठी होती. मैत्रिणीनं माझ्यापुढं केली. "तुज्या भाकरीचा निकाल लागला बग," म्हणाली. मी उघडली.

"मावशी, आज भाकरी वेगळी लागली. जाड होती. तुम्हाला बरं नाही का? बरं नसेल तर उद्या डबा घालू नका, मी दोन्ही वेळ मेसवर जेवीन. पण कळवा."

मी ती दोनदा वाचली. मग मैत्रिणीला वाचून दाखवली. तिचं हसू थांबलं. दोघींनाही दुसरी एक चिठ्ठी आठवत होती, आणि ती लिहिणारीला परीक्षा होती, पण एवढं विचारायचं सुचलं नव्हतं.

मी पेन मागितलं. त्याच कागदाच्या मागं लिहिलं, "सगळ्या बऱ्या आहोत. विचारलंस, फार बरं वाटलं." कागद सकाळच्या डब्यासाठी फडक्यात ठेवला. मग मैत्रीण उद्याच्या भाकरीचं पीठ काढायला उठली, तर मी तिचा हात धरला.

"उद्या दुकान बंद राहील," मी म्हणाले. "तू माझ्याजवळ बस. मला पातळ भाकरी करायला शिकव."